एकाच नावाच्या दोन नोंदी

१

रिलीज नोट्स कोणी वाचत नाही. लग्नपत्रिकेतलं ‘कृपया आहेर आणू नये’ जसं कोणी मनावर घेत नाही, तसंच हे. नवी सिस्टीम येते, तिच्या सीडीबरोबर चार छापील पानं येतात, दूध केंद्रावरचा माणूस त्या पानांत भजी बांधून घेतो आणि सिस्टीम अडली की फोन करतो. प्रगतीला हे पुरतं ठाऊक होतं. तरी ती ती चार पानं अशी लिहायची, की जणू उद्या कोणी तिची त्यावर तोंडी परीक्षा घेणार आहे.

दौंडला स्टेशन रोडवर, खत-औषधांच्या दुकानाच्या माडीवर तिचं ऑफिस होतं. तिथं ‘शिवार’ नावाची सिस्टीम तयार व्हायची. फुकट मिळणारं लिनक्स घ्यायचं, त्याला मराठी कपडे चढवायचे आणि गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरच्या कॉम्प्युटरांत नेऊन बसवायचं, असा तो धंदा. मालक पप्पूशेठ, वरवंडचे. त्यांचं खरं नाव बँकेखेरीज कोणाला माहीत नव्हतं. काही वर्षं बंगळुरात नोकरी करून परत आलेला माणूस. हुशार, तोंडाचा गोड आणि कायम घाईत.

२००४ साल नुकतंच लागलं होतं. पौष चालू होता. दिवस चहा पितापिता संपायचे. ‘शिवार’च्या नव्या आवृत्तीत एक नवं साधन येणार होतं आणि त्याची माहिती प्रगतीने लिहायची होती. आजवर यंत्रातला जो तो विभाग आपली रोजनिशी आपल्यापाशी ठेवायचा. छपाईची वेगळी, वजनकाट्याची वेगळी. बिघाड झाला की शोधता शोधता नाकी नऊ यायचे. हे नवं साधन सगळ्या नोंदी एका जागी आणि साध्या मराठीत करणार होतं. यंत्र सुरू झालं. अमका आला. फाईल उघडली. अमका गेला. त्याला ‘राखण्या’ हे नाव प्रगतीनेच सुचवलं होतं. तिच्या माहेरी मागच्या पिढीपर्यंत मेंढरं होती, आणि मेंढरांच्या वाड्याशी रात्री जागा राहणाऱ्याला तिकडे राखण्या म्हणत.

प्रगतीचा एक नियम होता. जे स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलं नाही, ते लिहायचं नाही. म्हणून ती मागच्या खोलीत गेली. ही खोली पूर्वी दुकानाचं गोदाम होती. प्लायवूडचं पार्टिशन, उंचावर एक खिडकी आणि भिंतींना मुरलेला औषधाचा वास. चाचणीचं यंत्र तिथंच होतं. तिने पंखा लावला, कारण तिला थंडीतही पंख्याशिवाय सुचत नसे. मग आपलं नाव आणि पासवर्ड टाकून ती आत शिरली आणि राखण्याचं पान उघडलं.

यंत्र सुरू झालं.
प्रगती आली.
प्रगती आली.

एंटरचं बटण दोनदा दाबलं गेलं असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

२

पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिने एकेक अक्षर सावकाश दाबून पाहिलं, तरी नावं दोन. पप्पूशेठच्या नावाने आत शिरून पाहिलं, तर ओळ एकच. बाहेरच्या दुसऱ्या यंत्रावर स्वतःच्या नावाने पाहिलं, तिथं पुन्हा दोन. म्हणजे खोट यंत्रात नव्हती. तिच्या नावात होती.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती तिला मुळीच आवडली नाही. संध्याकाळी ती बाहेर पडली, की राखण्या ‘प्रगती गेली’ असं एकदाच लिहायचा.

तिने पप्पूशेठना बोलावून दाखवलं. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले आणि पडद्याकडे बघत राहिले.

“मॅडम, कोड मी दोनदा चाळलाय. त्यात काय न्हाई. एखादी प्रोसेस तुमचं नाव धरून बसत आसंल.”

“मग ती उठते कधी, सर? येतात दोघी आणि जाते एकच.”

“वव्हरटाईम करत आसंल दुसरी,” ते हसले. “पगार मात्र एकीलाच मिळंल, आधीच सांगून ठेवतो.”

“हसण्यावारी नेऊ नका. केंद्रावरचा माणूस बघेल आणि घाबरेल.”

“म्हणून तर तुम्ही हाय ना? लिहून टाका, हे नॉर्मल हाय म्हणून. सोमवारी पुण्याला सीडीच्या कॉप्या कापायला टाकायच्यात. दूध संघाच्या बैठकीत वाटायच्यात त्या. आन् एकदा नोट्समध्ये लिहिलं ना मॅडम, की तो बग ऱ्हात न्हाई. सिस्टीमचं वागणं होतं ते.”

या धंद्याची ही जुनी खोड आहे. जे दुरुस्त होत नाही, ते कागदावर मान्य करून टाकायचं. ‘माहीत असलेल्या अडचणी’ नावाचा एक भाग प्रत्येक नोट्सच्या शेवटी असतो, आणि घरातली फुटकी भांडी जशी फडताळाच्या मागे सरकवतात तशा अडचणी तिथं सरकवल्या जातात. प्रगतीने हे कधी केलं नव्हतं. पण घरी तिची मुलगी मोना तापाने फणफणली होती, सासूबाईंचे सारखे फोन येत होते आणि तिला घरी जायचं होतं. तिने लिहिलं: ‘एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्यास काळजी करू नये. त्या बहुधा एकाच व्यक्तीच्या असतात.’

न पाहिलेली गोष्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा लिहिली, आणि त्या ‘बहुधा’ने मनाचं समाधान करून घेतलं.

सकाळी ते वाक्य पुन्हा वाचायला घेतलं, तर ‘बहुधा’ नव्हतं. ‘त्या एकाच व्यक्तीच्या असतात’ एवढंच.

“सर, तुम्ही माझं वाक्य सुधारलंत का?”

“मी? न्हाई बा. तुम्हीच काढलं आसंल की काल. मी कुलूप लावायला आलो तवा तुम्ही आत टाईपच करत होता. मी म्हणलं, मॅडम, पोरगी आजारी ना? तर म्हणला, हो सर, एवढं झालं की निघते. मग चावी तुमच्याकडंच ठेवून गेलो.”

प्रगती काल उजेड असतानाच घरी पोचली होती. मोनाच्या कपाळावर तिने स्वतः पट्ट्या ठेवल्या होत्या. आणि ऑफिसची चावी आता तिच्या पर्समध्ये होती. ती कधी ठेवली, हे काही केल्या तिला आठवेना.

दमलेला माणूस अशा गोष्टी विसरतो, असं तिने स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही, पण पटल्यासारखं करून तिने काम सुरू केलं.

३

रविवारी तिचे वडील हरिबा आले. तळेगाव ढमढेरेजवळच्या वाडीवरून जीपने आणि पुढे एसटीने, मेथी-वांग्यांची पिशवी सांभाळत. मेंढरं विकून त्यांना खूप वर्षं झाली होती. आता ऊस आणि भाजीपाला होता. पण अंगणात बसताना ते अजूनही सगळं शिवार दिसेल अशा बेताने बसत. इथं रेल्वे कॉलनीच्या क्वार्टरात शिवार कुठलं? समोरच्या क्वार्टरचं मोरीचं पाणी तेवढं दिसे. प्रगतीचा नवरा संपत मालगाडीवर सोलापूरकडे गेलेला होता. मोनाचा ताप उतरला होता आणि ती आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या फेट्याचा शेव चघळत होती. नाव मोनिका, वय चार, आणि सगळ्या घराचा जीव तिच्यात.

बोलता बोलता प्रगतीने ती दोन नावांची गंमत सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली. हरिबा हसले नाहीत.

“आमी सांजच्याला मेंढरं वाड्यात घालताना मोजायचो,” ते म्हणाले. “एक कमी भरलं तर बॅटरी घ्यायची आन् हुडकाया निघायचं. त्यात भ्यायाचं काय न्हाई. पर कवा कवा एक जास्त भरायचं.”

“दुसऱ्याच्या कळपातलं शिरलं असेल, आबा.”

“ते कळतं की. त्याची खूण येगळी, त्वांड येगळं. ह्ये तसं न्हवं. समदी आपलीच दिसायची, आन् एक जास्त. तवा आमचा बा मोजायचं थांबायचा. फाटक उघडं टाकायचा आन् म्हणायचा, निजा आता. सकाळी बराबर भरायची.”

“आणि ते जास्तीचं हिशेबात धरलं असतं तर?”

“धरायचं न्हाई.”

“पण धरलं तर?”

हरिबांनी मोनाच्या तोंडातून फेट्याचा शेव हळूच काढला. “खरंखोटं देव जाणे, बाय. म्हातारी माणसं काय बी बोलत्यात. पर तू ते लिवलेलं खोडून टाक. उद्याच्याला खोड.”

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. म्हाळसाबाई त्यांचं नाव. प्रगती त्यांना आत्या म्हणायची. त्यांनी हरिबांपुढे चहाची कपबशी ठेवली आणि पदराला हात पुसत खाली बसल्या.

“माझा चहा, आत्या?”

“आगं, आत्ता तर घेतलास की आत. वट्यापाशी उभ्याउभ्याच प्यालीस. बस की म्हणलं, तर बसली बी न्हाईस.”

प्रगती हरिबा आल्यापासून अंगणातून उठली नव्हती. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी आपल्या कपाकडे पाहिलं. आत्यांना हल्ली दिसायला कमी झालंय, वय झालं, असं काहीतरी ती मनाशी जुळवू लागली. मग पाणी आणायच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर तिचा रोजचा कप विसळून पालथा घातलेला होता. कपाखाली पाण्याचं गोल ओलं वर्तुळ होतं.

एसटीला जाताना हरिबांनी मोनाला उराशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. प्रगतीला त्यांनी एवढंच सांगितलं, “पोरीला जप.”

४

सोमवारी ती लवकर निघाली. वाक्य खोडायचं, सीडी थांबवायच्या, पप्पूशेठ ओरडले तर ओरडू द्यायचं, असं ठरवूनच. पण पप्पूशेठ पहाटेच पुण्याला गेले होते. तिने ऑफिसच्या फोनवरून त्यांना गाठलं.

“सर, ती शेवटची अडचण काढायचीय. चुकीचं लिहिलंय मी. सीडी थांबवा.”

“मॅडम, काय चाललंय तुमचं?” पप्पूशेठचा आवाज पहिल्यांदाच कडू झाला होता. “आत्ता तासाभरापूर्वी तुम्हीच फोन केला, आहे तसंच ऱ्हाऊ द्या म्हणून. दिल्या मी कापायला. आता कसलं थांबवताय?”

तिने फोन ठेवला. माडीवर कोणी नव्हतं. खालच्या दुकानात कोणीतरी पोती सरकवत होतं. आणि पार्टिशनच्या पलीकडे कोणीतरी टाईप करत होतं.

प्रत्येकाच्या टाईप करण्याला आपली चाल असते. प्रगती भराभर सात-आठ बटणं दाबायची आणि मग अंगठ्याने स्पेसबारवर ठाणकन आपटायची. पप्पूशेठ त्यावरून तिला चिडवायचे. तीच चाल होती. भराभर, आणि ठाण. भराभर, आणि ठाण. प्रगती उभी राहून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, आता हे थांबलं तर मी ओरडेन. ते थांबलं. ती ओरडली नाही.

तिने दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. पंखा फिरत होता.

पंखा काल शनिवारचाच चालू राहिला असेल. नाही, काल नव्हे, परवा. ती खुर्चीवर बसली. पडद्यावर यंत्र नाव आणि पासवर्ड विचारत होतं. तिने ते टाकलं आणि राखण्याचं आजचं पान उघडलं.

यंत्र सुरू झालं.
प्रगती आली.

एकच ओळ. तिला क्षणभर हायसं वाटलं, सुटलो एकदाचे, असं. मग तिने ओळीपुढची वेळ बघितली. त्या वेळी ती घरी मोनाची वेणी घालत होती.

ती सिस्टीममधून बाहेर पडली आणि पुन्हा आत शिरली. नवी ओळ उमटली नाही. पुन्हा एकदा केलं, बटणं बोटं दुखेपर्यंत दाबून. राखण्याने तिला हिशेबात धरलंच नाही. तिने नोट्सची फाईल उघडली, ते वाक्य पुसलं, जतन केलं, बंद केलं. उघडली, तर वाक्य होतं. पुन्हा पुसलं. पुन्हा होतं. जेवणाची वेळ टळून गेली, उंच खिडकीतला उजेड पिवळा होऊन भिंतीवर वर सरकला, तरी ती पुसतच राहिली. माणूस पाण्यावर काठी मारतो आणि पाणी दुभंगेल म्हणतो, तशी तिची गत झाली होती.

मग तिच्या डोळ्यांदेखत, तिने कशालाही हात लावला नसताना, पानावर नवी ओळ आली.

प्रगती गेली.

बाहेर जिन्यावर चपला वाजल्या. घाईघाईने, डाव्या पायावर जरा जोर देत, प्रगती स्वतः चालायची तशा. प्रगती पार्टिशनच्या बाहेर धावली तोवर जिना रिकामा होता. रस्त्याकडच्या खिडकीतून तिने खाली पाहिलं. संध्याकाळची गर्दी होती, टमटम होत्या, आणि वांगी रंगाचा स्वेटर घातलेली एक बाई पाठमोरी, पदर सावरत स्टेशनच्या पादचारी पुलाकडे चालली होती. प्रगतीने स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. तिच्याही अंगात तो स्वेटर होता. तो तिने स्वतः विणलेला होता.

ती बाई घरी निघाली होती. घरी मोना होती. हे दोन विचार एकत्र आले आणि प्रगतीच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही.

५

ती पर्स न घेता पळत सुटली. पुलावर नुकत्याच आलेल्या पुण्याच्या गाडीचा लोंढा समोरून येत होता आणि ती त्याला खांदे देत उलटी घुसत होती. खालून मालगाडी संथपणे जात होती, डब्यामागून डबा, आणि पुलाचं लोखंड तळव्यांना गुदगुल्या केल्यासारखं थरथरत होतं. वांगी स्वेटर पुढे कुठंच दिसत नव्हता.

कॉलनीच्या वळणावर म्हाळसाबाई भेटल्या. हातात बेलाची पानं आणि तांब्या. त्या सोमवारच्या महादेवाला निघाल्या होत्या.

“आत्या! मोना कुठंय?”

म्हाळसाबाई थबकल्या. डोळे बारीक करून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“कुठंय म्हंजी? तू आलीस म्हणून तर मी निघाले. पोरीला एकटं टाकून परत कुठं निघालीस, आँ? सैपाक करते म्हणलीस ना?”

प्रगती तशीच पुढे पळाली. मागून सासू काहीतरी ओरडत होती. ती क्वार्टरांच्या ओळीत शिरली. सगळ्या दारांतून फोडण्यांचे वास येत होते. तिच्या दारातूनही येत होता, लसूण जरा जास्त करपवलेल्या फोडणीचा, मोनाला आवडायची तशी. आतून मोना हसत होती. ती भेदरलेली नव्हती, रडत नव्हती. हसत होती.

प्रगतीने दार वाजवलं.

“मोना! दार उघड, बाळा!”

छोटी पावलं आली. कडीखालचं लाकडी स्टूल सरकलं. दार हातभर उघडलं आणि मोनाचं तोंड दिसलं, ओठांना वरण लागलेलं. तिने प्रगतीकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे ती जशी बघायची, एक खांदा दाराआड लपवून, तशी.

“कोण पायजे?” तिने शहाण्यासारखं विचारलं.

“अगं मी. आई.”

“आई घरात हाय.”

“मोना, नीट बघ माझ्याकडं. मी प्रगती.”

“ते माझ्या आईचं नाव हाय,” मोना अभिमानाने म्हणाली. नुकतंच तिला सगळ्यांची खरी नावं पाठ झाली होती.

प्रगतीने दाराला खांदा लावला. आतूनही कोणीतरी दाराला हात लावला होता. जोर नव्हता त्यात, नुसतं दार धरून ठेवलं होतं, आणि फटीतून दिव्याच्या उजेडात तिला एक वांगी बाही आणि पिठाने माखलेलं मनगट दिसलं. त्याहून जास्त काही तिने पाहिलं नाही. पाहायची तिची छाती नव्हती. एकदा अंगाचा सगळा भार टाकला असता तर दार उघडलं असतं, हे तिला नक्की ठाऊक होतं. तिने भार टाकायला श्वासही घेतला.

मग तिला मोनाची बोटं दिसली. बिजागरीकडच्या फटीत चार बोटं अडकवून मोना दाराला लोंबकळत उभी होती, तिची खोडच होती ती. दार जरा हललं असतं तरी बोटं चिरडली असती.

प्रगतीने दार सोडलं.

ते पिठाचं मनगट खाली आलं. त्याने मोनाची बोटं एकेक करून फटीतून सोडवली, करंगळी आधी, अजिबात घाई न करता. मग तळहात फटीवर आडवा धरून, दुसऱ्या हाताने दार सावकाश लोटलं, आणि शेवटच्या क्षणी तळहात काढून घेतला. कडी लागली.

पोरीला लागलं नाही, म्हणून प्रगतीचा जीव भांड्यात पडला. पायरीवर उभ्याउभ्या तिला खरोखर बरं वाटलं. आणि मग, आपल्याला बरं वाटलं हे कळल्यावर, ती खाली बसली. आत स्टूल जागेवर सरकवल्याचा आवाज आला, आणि तिचाच आवाज, दिवसभराच्या कामाने दमलेला, म्हणाला, “चल, जेव बरं आता. गार होतंय.”